घरून आहारशास्त्र शिकायचं असेल तर

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एक निर्णय जाहीर केला आणि आहारशास्त्राची पदवी घरबसल्या मिळवण्याचा रस्ता बंद झाला. आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे. त्या कायद्याखाली येणारे विषय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून कोणत्याही विद्यापीठाने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असं यूजीसीने सांगितलं. त्या विषयांमध्ये अन्न व पोषणशास्त्र आहे, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्सही आहे.

ही गोष्ट मी सुरुवातीलाच सांगते, कारण आपल्या मुंबईच्या उपनगरांत हा अभ्यासक्रम शोधणाऱ्या पुष्कळ जणांपर्यंत ती पोचलेलीच नाही. मुलं शाळेत गेल्यावर हाताशी तीन तास उरणाऱ्या बोरिवलीच्या गृहिणीला काहीतरी शिकायचं असतं. अंधेरीच्या जिममध्ये काम करणाऱ्या ट्रेनरला रोज कोणी ना कोणी 'काय खाऊ?' असं विचारत असतं. घाटकोपरला पोळीभाजी केंद्र चालवणारीकडे गिऱ्हाइकं मधुमेहाचा डबा मागू लागलेली असतात. मुलुंडच्या अंगणवाडी सेविकेला आपलं काम अधिक नीट समजून घ्यायचं असतं. ही सगळी माणसं फोनवर शोध घेतात आणि त्यांच्यासमोर पहिली येते ती जाहिरात: सहा महिन्यांत घरबसल्या डाएटिशियन व्हा. पैसे भरून झाल्यावर कळतं की त्या कागदावर रुग्णालयात नोकरी मिळत नाही.

म्हणून अभ्यासक्रम शोधण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या. तुम्हाला आहार समजून घ्यायचा आहे, की आजारी माणसाला आहार ठरवून देण्याचा व्यवसाय करायचा आहे? पहिल्या कामासाठी दूरशिक्षण आजही उत्तम आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट मिळतं. दुसऱ्या कामासाठी वर्गात बसावं लागेल, प्रयोगशाळेत उभं राहावं लागेल आणि रुग्णालयाच्या वॉर्डात शिकाऊ म्हणून फिरावं लागेल.

यूजीसीचा निर्णय अनेकींना जाचक वाटला, हे मला ठाऊक आहे. नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण सांभाळून पदवी घ्यायची असेल तर दूरशिक्षणाशिवाय पर्याय तरी कोणता, हा प्रश्न खराच आहे. तरीही निर्णयामागचं कारण मला पटतं. एरवी नारळपाणी किती चांगलं! पण मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचू लागतं. अशा वेळी नारळपाणी, केळं, टोमॅटोचं सूप हे 'पौष्टिक' पदार्थ त्याच्या हृदयाची लय बिघडवू शकतात. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला वजन कमी करण्यासाठी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, तर साखर अचानक उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. रक्ताचा अहवाल वाचणं, डॉक्टरांनी दिलेल्या औषधांशी आहाराचा मेळ घालणं, रुग्णाच्या ताटात उरलेलं अन्न पाहून बेत बदलणं हे शिक्षण वॉर्डातच होतं. पुस्तक त्याची तयारी करून देतं, तेवढंच.

आता दूरशिक्षणाकडे वळू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू १९८५ मध्ये स्थापन झालं. त्याचं मुंबई प्रादेशिक केंद्र अनेक वर्षं मुलुंड पूर्वेला, नानेपाडा रस्त्यावर ओम लेवा विकास निकेतनच्या इमारतीत राहिलं आहे. सरकारी कार्यालयांच्या जागा बदलतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर चालू पत्ता बघून घ्या. पण एकदा तरी प्रत्यक्ष जाच. आपल्या विषयाचं अभ्यासकेंद्र कुठे आहे, समुपदेशनाचे वर्ग कोणत्या वारी भरतात, प्रात्यक्षिकं कुठे होतात, ही माहिती समोरासमोर विचारल्यावर लवकर मिळते. अभ्यासकेंद्र बोरिवलीहून दीड तासाच्या अंतरावर असेल, तर ते प्रवेश घेण्याआधी कळलेलं बरं.

आहाराच्या बाबतीत इग्नूचे दोन अभ्यासक्रम सामान्य वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे अन्न आणि पोषण या विषयाचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र. त्याला औपचारिक शैक्षणिक पात्रतेची अट ठेवलेली नव्हती, त्यामुळे दहावीनंतर शाळा सुटलेल्या बाईलाही ते घेता येत असे. आपण काय खातो, त्याचं शरीरात काय होतं आणि आहे त्या पैशात घरादाराला नीट कसं जेवू घालायचं, इतका त्याचा सरळ आवाका आहे. दुसरा आहे पोषण व आरोग्य शिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा. त्यासाठी बारावी लागते. त्यात समाजाचं पोषण, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आणि ही माहिती लोकांपर्यंत पोचवायची कशी, असे भाग आहेत, शिवाय एक प्रकल्पही करावा लागतो. अंगणवाडी, शाळा, वस्तीतली संस्था, महिला बचत गट यांत काम करणाऱ्यांना माझ्या मते याच्याइतका उपयोगी दुसरा दूरस्थ अभ्यासक्रम नाही.

इग्नूची आहारव्यवस्थापनातली एम.एस्सी.ही पुष्कळांना ऐकून माहीत असते. तिची जुनी माहिती अजून सगळीकडे फिरते आहे. यूजीसीचा निर्णय पदव्युत्तर पदवीलाही लागू आहे, तेव्हा त्या माहितीवर विसंबू नका. प्रमाणपत्र आणि डिप्लोमाच्या बाबतीतही ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा त्या सत्राच्या यादीत अभ्यासक्रमाचं नाव आहे का, हे इग्नूच्या प्रवेश पोर्टलवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सायबर कॅफेवाल्याने किंवा प्रवेश भरून देणाऱ्या एजंटने सांगितलं म्हणून पैसे भरू नका. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे, त्याची वर्षवार यादी असते. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण दूरस्थ पद्धतीने घ्यायचं झाल्यास विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडीही काढावा लागतो. एखादी संस्था पदवी देतो म्हणते आणि या आयडीचं नावच काढत नाही, तर तिथून बाहेर पडा. २०२५ च्या आधी प्रवेश घेतलेला आहे आणि अभ्यास अर्धवट आहे, अशांनी आपल्या विद्यापीठाकडून पुढच्या परीक्षांबद्दल लेखी उत्तर मागून ठेवावं.

पैसे भरण्याआधी आणखी एक काम करा. इग्नूची जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तकं ईज्ञानकोश या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. तुम्हाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचा एक खंड उतरवून घ्या आणि पंधरा दिवसांत वाचून काढा. इग्नूच्या हिशोबात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. अभ्यासक्रमाचे एकूण श्रेयांक पाहिलेत की रोज किती वेळ लागेल, ते तुम्हाला स्वतःलाच मोजता येईल. पंधरा दिवसांत एक खंड संपला नाही, तर हे सत्र सोडून पुढच्या सत्राचा विचार करा. वर्षात जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात.

भाषेची अडचण मात्र मानावी लागेल. इग्नूचं साहित्य मुख्यतः इंग्रजीत आणि हिंदीत मिळतं. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला इंग्रजी जड वाटतं म्हणून ती हिंदी घेते, आणि मग तिथे 'वसा', 'खनिज लवण', 'रेशा' असे शब्द आडवे येतात. पहिल्या महिन्यातच एक वही करा: एका रकान्यात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात आपल्या शाळेतला स्निग्ध पदार्थ, खनिजं, तंतू, आणि तिसऱ्यात तो ज्यात सापडतो तो आपल्या घरातला पदार्थ. तिसरा रकाना कधीही टाळू नका. परीक्षेत उत्तर आठवतं ते त्याच्याच आधाराने.

मराठीतूनच शिकायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते मराठीतून दूरशिक्षण देत आलं आहे आणि त्याची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत. त्याच्या चालू माहितीपुस्तिकेत आरोग्यविषयक प्रमाणपत्रं आणि पदविका तपासा. यादी दर वर्षी बदलते, म्हणून जुन्या पुस्तिकेवर जाऊ नका. ज्यांची दहावी किंवा बारावीच राहिली आहे, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएसमधून गृहविज्ञान हा विषय घेऊन ती पूर्ण करता येते. पोषणाची प्राथमिक ओळख त्याच विषयात होते, आणि पुढचं दारही उघडतं.

आता आपल्या अगदी शेजारी, पवईत चाललेल्या कामाबद्दल. ते अजून पुष्कळ जास्त घरांत पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं 'सितारा' हे केंद्र आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी गरोदर स्त्री, तान्हं बाळ आणि लहान मूल यांच्या पोषणावर दीर्घकाळ काम केलं. आयआयटीच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाने त्या ज्ञानाच्या छोट्या-छोट्या चित्रफिती केल्या, आणि त्या मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत ठेवल्या. बाळाला पाजताना आईने त्याला कसं धरावं, बाळाचं तोंड स्तनावर नेमकं कुठे असावं, काढलेलं दूध कसं साठवावं, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न काय आणि किती दाट द्यावं, प्रथिनं कशातून मिळतात, असा एकेक विषय घेऊन त्या पायरीपायरीने दाखवतात.

या चित्रफितींची मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्यांचा बारकावा. 'आईचं दूध उत्तम' हे भिंतीवरच्या पोस्टरवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण बाळाचं वजन वाढत नाही म्हणून घाबरून वरचं दूध सुरू करणाऱ्या आईला पोस्टरचा उपयोग होत नाही. तिला कोणीतरी हाताने दाखवावं लागतं की बाळाची हनुवटी कुठे टेकली पाहिजे आणि खालचा ओठ कसा बाहेर वळलेला पाहिजे. बाळ फक्त स्तनाग्र चोखत असेल तर त्याला दूध कमी मिळतं. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग तोंडात नीट आला की पुरेसं दूध येतं. एवढी एक गोष्ट नीट समजलेली आजी, आत्या किंवा शेजारीण एका बाळाचं पहिलं वर्ष बदलू शकते. अंगणवाडी सेविका, आशा, सुईणीचं काम केलेल्या बायका आणि घरात लवकरच बाळ येणार असलेल्या सगळ्यांनी या चित्रफिती क्रमाने पाहाव्यात. ज्यांना इंग्रजी चालतं, त्यांच्यासाठी याच विषयावर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचाचा अभ्यासक्रमही झालेला आहे. तिथे शिकणं मोफत असतं. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. सरकारच्या स्वयम् पोर्टलवर पोषणाचे इतर अभ्यासक्रमही दर सत्रात येतात.

परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रमही पाहायला हरकत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा अन्न आणि आरोग्यावरचा आणि नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनचा पोषणावरचा अभ्यासक्रम चांगले आहेत. पण ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. त्यांच्या उदाहरणांतलं ताट वेगळं, मापं वेगळी आणि रोगही पुष्कळदा वेगळे. आपल्याकडे स्त्रियांचा रक्तक्षय हा प्रश्न किती मोठा आहे, हे त्या व्याख्यानांतून समजणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी आहेत. इमारतीच्या जिन्यावर भेटणाऱ्या दर दोन बायकांत एक, असा याचा अर्थ. आपल्या आहारशास्त्राची सुरुवात तिथून व्हायला हवी.

त्यासाठी लागणारी पुस्तकं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे आहेत. ही संस्था १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला एका लहान संशोधनकेंद्राच्या रूपात सुरू झाली, आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. तिची दोन प्रकाशनं संकेतस्थळावरून उतरवून घ्या. भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वं, २०२४ मध्ये सुधारलेली, त्यात १७ सूचना आहेत. आणि २०१७ ची भारतीय अन्नघटकांची कोष्टकं, त्यात ५२८ पदार्थांचं पृथक्करण दिलं आहे. कोणताही दूरस्थ अभ्यासक्रम घ्या, ही दोन हाताशी असली पाहिजेत.

कोष्टक वाचायची सवय लागायला वेळ लागतो. नाचणीचं उदाहरण घेऊ. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हा आकडा ऐकून लोक नाचणीला दुधाचा पर्याय ठरवून मोकळे होतात. पण आपण नाचणी १०० ग्रॅम कधी खातो? घरातल्या वजनकाट्यावर एका भाकरीचं पीठ मोजा. ते ४० ग्रॅम भरलं, तर दोन भाकऱ्यांतून २९० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळेल. प्रौढ माणसाची रोजची शिफारस १००० मिलिग्रॅमची आहे. शिवाय नाचणीतल्या फायटेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही. म्हणजे भाकरी चांगलीच, पण ताटात दही, तीळ, हरभऱ्याचा पाला, आणि खाणाऱ्यांच्या घरी जवळा किंवा काट्यासकट खाता येणारी छोटी मासळीही हवी. कोष्टकातल्या एका आकड्यावरून ताटापर्यंत असं पोचता आलं की अभ्यास पुढे सरकला समजा.

दुसरा अभ्यास मिठाचा. मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणशी दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत मीठ पुरे. चार माणसांच्या घरात हे २० ग्रॅम होतं. एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहा आणि ती कधी संपते ते पाहा. तीस दिवसांत संपली, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर मीठ चाललं आहे, आणि यात पापड, लोणचं, फरसाण, पाव, बाहेरचा वडापाव हे धरलेलंच नाही. तेलाचाही असाच हिशोब लागतो. २००० कॅलरींच्या आदर्श ताटात तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसांचं महिन्याचं साधारण साडेतीन लिटर झालं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर कुठे जातं तेल, ते कढईपाशी उभं राहून शोधा. इग्नूच्या डिप्लोमाचा प्रकल्प करायचा झाला, तर आपल्या चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या काही घरांत हीच दोन मापं घेऊन बघा. लोक आपला आहार सांगताना चुकतात, पण पिशवीवरची तारीख चुकत नाही.

लोहाचा प्रश्न जास्त अवघड आहे. स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस सांगते, पुरुषाला १९. शाकाहारी ताटातून एवढं मिळवणं आणि ते अंगी लागणं दोन्ही कठीण. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोहाचं शोषण वाढतं, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी होतं. जेवण झालं की लगेच चहाचं आधण ठेवणाऱ्या आपल्या घरांत चहा तासभर पुढे ढकलणं हे फुकट होणारं औषध आहे. मात्र हिमोग्लोबिन फारच उतरलेलं असेल तर लिंबू पुरणार नाही, गोळ्या लागतात. तिथे डॉक्टरांकडे पाठवायचं, हेही शिकावंच लागतं.

या विषयात मराठी वाचकाला एक मोठी वडीलधारी लाभली आहे. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजमधून डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला होता. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून त्या मुंबईला आल्या, इथल्या विज्ञान संस्थेत शिकवलं, डाळी, तांदूळ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. १९६६ मध्ये मुंबईत काही बायकांनी मिळून ग्राहक मार्गदर्शन संस्था उभी केली, त्यांत त्या होत्या, आणि भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची हे सामान्य गृहिणींसाठी लिहीत राहिल्या. त्यांचं 'आहार-गाथा' हे मराठी पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर अवश्य वाचा. त्यातले काही आकडे आता बदलले असतील, पण प्रयोगशाळेतलं ज्ञान स्वयंपाकघरात कसं आणायचं ते त्यांच्याकडून शिकावं.

ज्यांना व्यवसायच करायचा आहे, त्यांच्यासाठी उपनगरातून जाता येण्यासारखी दारं आहेत. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं जुहूचं संकुल सांताक्रूझहून बसने जवळ पडतं. तिथे सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आहे. घाटकोपर-मुलुंडकरांना माटुंग्याचं डॉ. भानुबेन महेंद्र नानावटी गृहविज्ञान महाविद्यालय मध्य रेल्वेने सोयीचं. पश्चिम रेल्वेवरच्यांना मरीन लाइन्सजवळचं निर्मला निकेतन; ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं आहे. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेच्या तर नावातच उपयोजित पोषणशास्त्र आहे, आणि रुग्णालयातल्या आहारव्यवस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा तिथे चालत आला आहे. कुठेही जा, बारावीला जीवशास्त्र हवं का, वयाची अट आहे का, पुरुषांना प्रवेश आहे का आणि रुग्णालयातली इंटर्नशिप कोण मिळवून देतं, हे आधी विचारा. पदवीनंतर भारतीय आहारतज्ज्ञ संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा असते. तिचे पात्रता नियमही आत्ताच वाचून ठेवा, म्हणजे तीन वर्षांनी धक्का बसणार नाही.

खासगी संस्थांच्या छोट्या अभ्यासक्रमांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. काही चांगलं शिकवतात. पण 'आयएसओ प्रमाणित' या शब्दांनी अभ्यासक्रमाला शैक्षणिक मान्यता मिळत नाही. 'सरकारमान्य' असेल तर कोणत्या खात्याच्या कोणत्या आदेशाने, तो कागद दाखवा म्हणा. 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' कोणत्या देशात कोण मानतं, ते विचारा. उत्तर द्यायला वेळ मागून संध्याकाळी 'आजच भरलं तर निम्मी फी' असा फोन आला, तर तेच उत्तर समजा.

दूरशिक्षणातून मिळालेलं प्रमाणपत्र हातात आल्यावर काय करता येईल? पोळीभाजी केंद्रवालीला आपला बेत सुधारता येईल. मधुमेहाच्या डब्यावर मात्र तिने 'कमी तेलाचा, भाज्या जास्त असलेला डबा' एवढंच लिहावं, रोगाचं नाव लिहू नये. अन्नसुरक्षेसाठी एफएसएसएआयचं छोटं प्रशिक्षण, फोस्टॅक, तिने वेगळं करावं. जिमच्या ट्रेनरने निरोगी माणसाला प्रथिनांची गरज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे हे सांगावं आणि डाळ, अंडी, दही, मासे यांतून ती कशी भागते ते दाखवावं. २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं प्रथिनांच्या पावडरी टाळायलाच सांगतात. गिऱ्हाइकाने मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार सांगितला की त्याला आहारतज्ज्ञाकडे पाठवावं. वस्त्यांमध्ये माता-बालकांच्या पोषणावर काम करणाऱ्या संस्था मुंबईत आहेत; डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'स्नेहा' त्यांतली एक. अशा कामात अभ्यासाची खरी कसोटी लागते. पाटीवर 'डाएटिशियन' मात्र लिहू नका. त्या शब्दावर विश्वास ठेवून येणारा माणूस बरेचदा आजारी असतो.

राहता राहिली अर्जाची गोष्ट, आणि बायकांचा अर्ज इथेच जास्त अडतो. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, आणि ऑनलाइन नोंदणी दोन्ही ताडून बघते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र आधीच काढून, स्कॅन करून ठेवा. विवाह नोंदणी महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते: अंधेरी पूर्वेसाठी के-पूर्व, पश्चिमेसाठी के-पश्चिम, बोरिवलीसाठी आर-मध्य, घाटकोपरसाठी एन आणि मुलुंडसाठी टी विभाग. लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते, फक्त कागद गोळा करायला वेळ जातो. जानेवारीच्या सत्रात बसायचं असेल, तर हे काम दिवाळीआधीच हाती घ्या.